धावपट्टी आधी, विमानतळ नंतर : ओझरची गोष्ट

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता एकमेकांना भेटतात. शतकानुशतके नाशिकला येणारा माणूस पायी, बैलगाडीने, टांग्याने आणि पुढे एसटीने आला. या चौकातून आग्रा रस्त्याने ईशान्येला निघालो, की आडगाव मागे टाकून आपण दहाव्या मैलावर पोचतो. मैल जाऊन किलोमीटर आले, तरी या थांब्याचे नाव 'दहावा मैल' असेच राहिले. त्याच परिसरात, द्वारकेपासून सुमारे वीस किलोमीटरवर, नाशिकचा विमानतळ आहे. एका बाजूला निफाड तालुक्यातले ओझर, दुसऱ्या बाजूला दिंडोरी तालुक्यातले जानोरी. (अष्टविनायकातले ओझर हे नव्हे; ते जुन्नर तालुक्यात आहे.)

या विमानतळाचा इतिहास थोडा उलटा आहे. सामान्यतः गावाला प्रवाशांसाठी विमानतळ हवा असतो, म्हणून धावपट्टी बांधतात. ओझरला धावपट्टी आधी आली. प्रवाशांसाठी इमारत तिच्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी उभी राहिली. इमारत झाल्यावरही नियमित विमान येण्यास आणखी पावणेचार वर्षे लागली. असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना भौतिकशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्र असे शाळेतले चार विषय एकत्र येतात. म्हणून ही गोष्ट शिक्षकांपुढे सविस्तर मांडावी असे आम्हांला वाटले.

मिगचा कारखाना

गोष्टीची सुरुवात १९६२ मध्ये होते. त्या वर्षी भारताने सोव्हिएत संघाकडून मिग-२१ ही स्वनातीत लढाऊ विमाने घेण्याचा आणि परवान्याखाली ती भारतात बनवण्याचा करार केला. स्वनातीत म्हणजे ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणारी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनबरोबर युद्ध झाले आणि संरक्षणसिद्धतेचा प्रश्न एकदम ऐरणीवर आला. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून देशाचे संरक्षणमंत्री झाले. पुढच्या वर्षी ते नाशिक मतदारसंघातूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले.

मिग विमानाचे उत्पादन एकाच ठिकाणी करायचे नाही असे ठरले. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी विभागणी झाली. या कामासाठी १९६३ मध्ये एक स्वतंत्र सरकारी कंपनी काढण्यात आली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ती बंगळूरच्या जुन्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत विलीन झाली आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजेच आजची एचएएल, अस्तित्वात आली. ओझरचा विभागही १९६४ चाच.

जागेचा विचार केला तर नकाशाच बरेच काही सांगतो. पठारी मोकळी जमीन, देशाच्या सीमांपासून लांब, मुंबई आणि पुण्याच्या औद्योगिक पट्ट्याच्या मात्र जवळ, आणि शेजारून जाणारा आग्रा रस्ता. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत उभी राहिली. शाळा आल्या, दवाखाना आला, दुकाने आली. नाशिककर आजही त्या भागाला 'ओझर मिग' म्हणतात. गावाच्या नावाला विमानाचे नाव जोडले जाण्याचे असे उदाहरण महाराष्ट्रात तरी दुसरे आठवत नाही.

या कारखान्यात आधी मिग-२१ ची वेगवेगळी रूपे तयार झाली. भारतात बनलेल्या या विमानांची संख्या सहाशेच्या वर गेली. मग मिग-२७ आली. अशी १६५ विमाने बनली. डिसेंबर २००० मध्ये सुखोई-३० एमकेआय भारतात बनवण्याचा करार झाला आणि २००४ पासून ओझरमधून सुखोई बाहेर पडू लागली. हवाई दलाचा विमानदुरुस्तीचा मोठा डेपोही ओझरलाच आहे. मिग-२७ डिसेंबर २०१९ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले आणि मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्ये निरोप देण्यात आला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरच्या नव्या जुळणी-शाखेतल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने इथून आकाशात झेप घेतली. एका विमानाचे आयुष्य संपले तरी धावपट्टी कामावरच होती.

तीन किलोमीटर कशासाठी?

नवे विमान कारखान्यातून बाहेर पडले, की त्याची चाचणी उड्डाणे करावी लागतात. म्हणून कारखान्याला धावपट्टी अत्यावश्यक. ओझरची धावपट्टी सुमारे ३,००० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. एटीआरसारख्या सत्तर-बहात्तर आसनी पंख्याच्या विमानाला समुद्रसपाटीला सव्वा ते दीड किलोमीटर धावपट्टी पुरते. मग ही तीन किलोमीटर का? काही कारण लढाऊ विमानांच्या मोठ्या वेगात आहे आणि काही ओझरच्या हवेत.

विमानाला वर उचलणारे बल तीन गोष्टींवर अवलंबून असते : पंखांचे क्षेत्रफळ आणि आकार, हवेची घनता आणि हवेच्या सापेक्ष असलेल्या वेगाचा वर्ग. पंख तेच राहतात. हवा विरळ झाली, तर तेवढीच उचल मिळवण्यासाठी वेग वाढवावा लागतो.

ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा प्रमाण दाब सुमारे ९४३ हेक्टोपास्कल असतो. समुद्रसपाटीला तो १,०१३ असतो. आता मे महिन्यातली ४० अंश सेल्सिअसची दुपार घेऊ. वायूंच्या नियमावरून हवेची घनता काढली, तर ती घनमीटरला सुमारे १.०५ किलोग्रॅम येते. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानाला ती १.२२५ असते. म्हणजे ओझरची मे महिन्यातली हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते.

याचा परिणाम पाहा. १.२२५ ला १.०५ ने भागून वर्गमूळ काढले, की १.०८ मिळते. म्हणजे जमीन सोडण्यासाठी विमानाला ८ टक्के अधिक वेग लागेल. स्थिर त्वरणाने धावणाऱ्या वस्तूचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे नववीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्यामुळे धाव सुमारे १७ टक्क्यांनी लांबते. विरळ हवेत इंजिनाचा जोरही कमी पडतो, म्हणून प्रत्यक्षात ती याहूनही लांबते. त्यात, ऐन वेळी उड्डाण रद्द करावे लागले तर थांबण्यासाठीही जागा शिल्लक हवी. लांब धावपट्टी ही चैन नसून सुरक्षिततेची ठेव आहे, हे एवढ्या हिशोबावरून लक्षात येते.

०९ आणि २७

धावपट्टीच्या टोकांवर मोठे आकडे रंगवलेले असतात. ओझरला ते ०९ आणि २७ आहेत. हे अनुक्रमांक नाहीत. त्या दिशा आहेत. चुंबकीय उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेल्या अंशांना दहाने भागून जवळचा पूर्णांक घेतात. ०९ म्हणजे ९० अंश, अर्थात पूर्व. २७ म्हणजे २७० अंश, अर्थात पश्चिम. दोन्ही आकड्यांतला फरक नेहमी १८ असतो. का, ते वर्गात विचारण्याजोगे आहे.

धावपट्टी पूर्व-पश्चिम असण्याचा वाऱ्याशी संबंध आहे. नाशिकच्या पठारावर पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि उतरते. विमानाला ताशी २४० किलोमीटर वेगाने जमीन सोडायची असेल आणि समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा येत असेल, तर जमिनीच्या सापेक्ष २२० चाच वेग पुरतो. २२० ला २४० ने भागून वर्ग केला तर ०.८४ येते. म्हणजे धाव १६ टक्क्यांनी कमी होते. उन्हाने जेवढे हिरावून घेतले, जवळजवळ तेवढे वाऱ्याने परत दिले! वारा पाठीमागून आला तर मात्र उलटे होते. म्हणूनच विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आजही फडकत असते.

भूगोलाच्या दृष्टीनेही ही दिशा सोयीची आहे. ओझरच्या उत्तरेला सातमाळ्याची डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. धावपट्टी तिला साधारण समांतर असल्याने उतरणाऱ्या विमानाला ती रांग ओलांडून यावे लागत नाही.

धावपट्टी म्हणजे विमानतळ नव्हे

इतकी उत्तम धावपट्टी असताना प्रवासी विमाने लगेच का सुरू झाली नाहीत? कारण धावपट्टी हा विमानतळाचा एक अवयव आहे. बाकीचेही मोजून पाहू.

विमानाला धावपट्टीवरून बाजूला नेणारा जोडमार्ग लागतो आणि ते उभे करायला फरसबंद आवार लागते. त्याशिवाय पहिले विमान धावपट्टीवरून हलेपर्यंत दुसऱ्याला आकाशात घिरट्या घालत बसावे लागेल. मग नियंत्रण मनोरा. ओझरचे हवाई वाहतूक नियंत्रण एचएएलकडे आहे. चाचणीसाठी उडणारे लढाऊ विमान आणि प्रवाशांनी भरलेले विमान यांना एकाच आकाशात सुरक्षित अंतरावर ठेवण्याचे काम तिथे चालते. हवामानाच्या नोंदी लागतात : वारा, दाब, तापमान, दृश्यता. वैमानिक आपला उंचीमापक स्थानिक दाबावरूनच जुळवून घेतो.

अग्निशमन दल तर अनिवार्य असते. येणाऱ्या सर्वांत मोठ्या विमानाच्या लांबीवरून आणि रुंदीवरून विमानतळाची अग्निशमन श्रेणी ठरते. त्या श्रेणीप्रमाणे पाणी, फेस आणि बंब सज्ज ठेवावे लागतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार पहिला बंब धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचला पाहिजे. याशिवाय इंधन, सुरक्षा तपासणी, सामानाची व्यवस्था, पक्ष्यांना दूर ठेवण्याची व्यवस्था, कुंपण आणि शहराकडे जाणारा रस्ता हे सारे लागतेच. यातले एक जरी नसले, तरी तिकीट विकता येत नाही.

ओझरला आणखी एक अडचण होती. हे संरक्षण उत्पादनाचे आवार. कारखान्याच्या फाटकातून प्रवाशांना आत-बाहेर करू देणे शक्य नव्हते. प्रवाशांसाठी वेगळी इमारत, वेगळा रस्ता आणि वेगळे फाटक हवे होते. बंगळूरला एचएएलच्याच विमानतळावरून २००८ पर्यंत शहराची सगळी प्रवासी वाहतूक चालत होती. म्हणजे कारखाना आणि प्रवासी एकत्र नांदू शकतात. फक्त त्यासाठी तशी रचना करावी लागते.

अखेर राज्य सरकार आणि एचएएल यांच्यात करार झाला. एचएएलच्या सुमारे २२ एकर जागेवर, जानोरीच्या बाजूला, राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने सुमारे ८४ कोटी रुपये खर्चून प्रवासी इमारत बांधली. मार्च २०१४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. काचेची, प्रशस्त, नवी कोरी इमारत. फक्त विमान नव्हते.

रिकाम्या इमारतीचे गणित

त्यानंतरची काही वर्षे वृत्तपत्रांत या इमारतीबद्दल टीका होत राहिली. टीका समजण्यासारखी होती. पैसा जनतेचा होता. पण विमान न येण्यामागे एक साधे गणितही होते. ते फळ्यावर मांडून पाहू.

विमानप्रवासातला बराच वेळ विमानात जातच नाही. द्वारकेहून ओझरला जायला पाऊण तास धरा. उड्डाणाआधी सव्वा तास पोचायचे. विमान जमिनीवर सरपटण्यात, उतरल्यावर सामान मिळण्यात आणि तिथून मुक्कामी जाण्यात आणखी तास-सव्वा तास. सारे मिळून तीन तासांच्या पुढे-मागे. अंतर कितीही असो, हे तीन तास ठरलेलेच. त्यात प्रत्यक्ष उड्डाणाचा वेळ मिळवायचा. विमानाचा वेग ताशी ६०० किलोमीटर आणि रेल्वेचा ताशी ६० किलोमीटर धरू. रेल्वेसाठी ठरलेला वेळ सोयीसाठी सोडून देऊ.

अंतर 'अ' किलोमीटर असेल, तर रेल्वेला लागणारा वेळ अ ÷ ६० तास आणि विमानाला लागणारा वेळ ३ + अ ÷ ६०० तास. दोन्ही समान केव्हा होतील? समीकरण सोडवले, की अ = २०० मिळते. याचा अर्थ, दोनशे किलोमीटरच्या आत विमानाने वेळ वाचत नाही. त्यापलीकडे वाचू लागतो. पण तिकिटाच्या जादा पैशांच्या मानाने पुरेसा वाचायला आणखी बरेच अंतर लागते.

आता नाशिकचा नकाशा घ्या. नाशिक रोड ते मुंबई हे रेल्वेचे अंतर १८८ किलोमीटर आहे, म्हणजे नेमके या सीमारेषेच्या अलीकडे. पुणे रस्त्याने दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे सीमारेषेवरच. नाशिकच्या माणसाचे सर्वाधिक येणे-जाणे या दोन शहरांशी आणि नेमके तिथेच विमान निरुपयोगी! दिल्लीचे पाहा. रेल्वेने साडेतेराशे किलोमीटर म्हणजे बावीस-तेवीस तास. आकाशातून सुमारे हजार किलोमीटर, म्हणजे सारे मिळून पाच तासांच्या आत. सतरा-अठरा तासांची बचत. विद्यार्थ्यांना सांगावे, की नाशिकहून विमान कुठे जावे हे त्यांनी या सूत्रावरून आधी ठरवावे आणि मग पुढचा इतिहास वाचावा.

उडान आणि त्यानंतर

२०१६ मध्ये केंद्र सरकारने लहान शहरे जोडण्यासाठी 'उडान' योजना आणली. तिची कल्पना अशी : छोट्या मार्गावर सुरुवातीला विमान पुरेसे भरत नाही. वैमानिकाचा पगार आणि इंधन यांचा खर्च मात्र पाच प्रवासी असोत की पंचवीस, जवळजवळ तेवढाच असतो. म्हणून विमानातल्या ठरावीक आसनांचे भाडे मर्यादित ठेवायचे. साधारण तासाभराच्या उड्डाणाला सुरुवातीला २,५०० रुपये. कंपनीला पडणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून काढायची. यासाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर कर बसवला गेला आणि राज्यांनीही वाटा उचलला. तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागेल आणि मार्ग स्वतःच्या पायांवर उभा राहील, ही अपेक्षा. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतली पहिली विमाने उडाली. त्यांत आपल्या नांदेडहून हैदराबादला जाणारे विमान होते.

नाशिकची पाळी २३ डिसेंबर २०१७ रोजी आली. एअर डेक्कनच्या १९ आसनी विमानाने मुंबई आणि पुण्याशी नाशिक जोडले गेले. म्हणजे आपल्या गणितात जे दोन मार्ग काठावर होते, नेमके तेच. ही सेवा टिकली नाही. वर मुंबईची अडचण वेगळीच. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत आणि एका वेळी त्यांतली एकच वापरता येते. त्यामुळे तिथे उतरण्याच्या वेळा ही सर्वांत दुर्मीळ वस्तू. एकोणीस प्रवाशांच्या विमानालाही दीडशे-दोनशे प्रवाशांच्या विमानाइतकीच एक वेळ द्यावी लागते.

जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्लीची सेवा सुरू केली. लांबचा मार्ग असल्याने ती गणितात बसणारी होती. पण एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनीच बंद पडली आणि नाशिकचे दिल्लीचे विमानही गेले. पुढे अलायन्स एअर, ट्रूजेट, स्टार एअर, स्पाइसजेट अशा कंपन्यांनी अहमदाबाद, हैदराबाद, बेळगाव, बंगळूर असे मार्ग चालवले. २०२० च्या महासाथीने सारे काही काळ थांबले. २०२२ च्या अखेरीस उडानची मुदत संपताच त्यांतल्या काही सेवा बंद झाल्या. म्हणजे तूट भरून देणे थांबले, की विमान थांबले. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने अहमदाबाद, नागपूर आणि गोवा या मार्गांनी सुरुवात केली आणि ओझरच्या इमारतीला पुन्हा गजबज आली.

एकाच धावपट्टीवर सारे काही अवलंबून असण्याची अडचणही याच काळात दिसली. नोव्हेंबर २०२२ मध्ये देखभालीसाठी धावपट्टी सुमारे दोन आठवडे बंद ठेवावी लागली आणि तेवढे दिवस नाशिकला विमानच नव्हते. २०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने ओझरला दुसरी, समांतर धावपट्टी बांधण्याची योजना पुढे आली, तिच्यामागे हाही अनुभव आहे.

शेजारची स्पर्धाही विसरू नये. १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. तिथली धावपट्टी ओझरपेक्षा आखूड, सुमारे अडीच किलोमीटरची. पण देशभरातून येणारे भाविक तिला आयते मिळाले. विमानतळ भरतो तो धावपट्टीच्या लांबीवर नाही. तिथे यायची गरज किती लोकांना आहे, यावर.

द्राक्षे विमानाने का जात नाहीत?

ओझरचा परिसर म्हणजे द्राक्षांचा मुलूख. शेजारी पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी. मग इथली द्राक्षे थेट विमानाने युरोपला का जात नाहीत, असे विद्यार्थी हमखास विचारतात. प्रश्न चांगला आहे. विमानाने माल पाठवताना दर किलोला पैसे मोजावे लागतात. म्हणून ज्या मालाची किलोमागे किंमत जास्त, किंवा जो फारच लवकर खराब होतो, तोच विमानाला परवडतो : औषधे, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, फुले. द्राक्षात वजन बहुतेक पाण्याचेच. ती तोडल्यावर लगेच पूर्वशीत केली आणि शून्य अंशाच्या आसपास ठेवली, तर कित्येक आठवडे टिकतात. म्हणून नाशिकची बहुतेक निर्यातक्षम द्राक्षे शीतकंटेनरमधून न्हावा-शेव्याला जातात आणि तिथून जहाजाने पुढे. शीतकरणाच्या तंत्राने इथे विमानाची गरजच कमी केली.

तरीही ओझरला मालवाहतुकीचे संकुल आहे. एचएएल आणि भारतीय कंटेनर निगम यांच्या संयुक्त उपक्रमातून ते उभे राहिले. इथून मालवाहू विमानाने गेलेल्या मालात शारजाला पाठवलेल्या जिवंत शेळ्या-मेंढ्यांचाही समावेश आहे. पहिल्यांदा ऐकताना हसू येते, पण नियम तोच : जिवंत जनावराला समुद्रावरचे दिवस सोसत नाहीत, म्हणून तिथे वेळेची किंमत वजनापेक्षा मोठी ठरते.

हा विमानतळ कोणाचा?

महाराष्ट्रात छोटे विमानतळ वेगवेगळ्या हेतूंनी झाले. कोल्हापूरचा १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने झाला. तो संस्थानाचा होता. शिर्डीचा भाविकांसाठी. ओझरचा कारखान्यासाठी. ज्या हेतूने धावपट्टी आखली जाते, तो हेतू पुढे पन्नास वर्षे तिच्यावरच्या वाहतुकीला वळण देत राहतो. ओझरला प्रवासी विमानाचे वेळापत्रक आखताना कारखान्याच्या चाचणी उड्डाणांचाही विचार करावा लागतो, हे त्या जुन्या निर्णयाचेच फळ आहे.

मग या धावपट्टीने नाशिकला काही दिलेच नाही का? तिचा हिशोब फक्त तिकिटांत मांडला, तर तसे वाटेल. पण कारखान्यातून तीन पिढ्या कुशल कामगार आणि तंत्रज्ञ तयार झाले. दशांश मिलिमीटरच्या अचूकतेने काम करण्याची सवय एका जिल्ह्याला लागली. ही गोष्ट कुठल्याही उड्डाण-वेळापत्रकात दिसत नाही. दुसऱ्या बाजूला, शेतजमीन ज्यांची गेली आणि आवाज ज्यांच्या घरांवर येतो, त्या गावांतल्या किती जणांनी कधी विमानात पाय ठेवला असेल, हाही प्रश्न हिशोबाच्या वहीत लिहिला पाहिजे. सार्वजनिक पैशाने काही बांधायचे ठरते, तेव्हा 'किती मोठे?' याआधी 'कोणासाठी, कुठे जाण्यासाठी आणि त्याचा रोजचा खर्च कोण देणार?' हे तीन प्रश्न विचारावे लागतात. २०१४ ते २०१७ या काळात उभ्या असलेल्या रिकाम्या इमारतीने हे नाशिकला शिकवले.

वर्गासाठी काही कामे सुचवतो. आपल्या गावापासून जवळच्या विमानतळापर्यंतचा वेळ मोजा आणि वरचे समीकरण आपल्या आकड्यांनी पुन्हा सोडवा. ज्या गावाला थेट रेल्वे नाही, तिथे २०० चा आकडा किती बदलतो ते पाहा. आपल्या गावी धावपट्टी आखायची झाली तर ती कोणत्या दिशेला असावी, हे महिनाभर वाऱ्याच्या नोंदी ठेवून ठरवा आणि तिच्या टोकांना आकडे द्या. थंडीतल्या पहाटेच्या १० अंशांना आणि उन्हाळ्यातल्या ४० अंशांना हवेची घनता काढा. मे महिन्यात अधिक भार घेऊन उडायचे विमान सकाळी लवकर का सोडतात, याचे उत्तर मिळेल.

शेवटचे काम सर्वांत सोपे दिसते, पण वेळ त्यालाच लागतो. गावात सार्वजनिक पैशाने बांधलेली आणि बांधून झाल्यावर बराच काळ बंद राहिलेली एखादी इमारत असतेच. बाजार असेल, बसस्थानक असेल, दवाखाना असेल. तिच्यासाठी कोणता अवयव कमी पडला, हे विद्यार्थ्यांनी स्वतः जाऊन, विचारून शोधावे.